खदानीतला जानेवारी

सकाळी ६. पारा ९ अंशांवर. बायको म्हणते, दिवसभर पाण्यातच राहायचं तर आंघोळ कशाला? २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं. ती सकाळ आठवली की थंडीबद्दल कुरकुर करायची सोय उरत नाही.

७.३०. सिलिंडर तपासले. दोनशे बार. वेटसूट कालचा ओलाच आहे. तो अंगात चढवणं पाण्यात उतरण्याहून वाईट. सुटाच्या आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो, ही त्याची एक युक्ती. दहा मीटर खाली दाब दुप्पट झाला की निओप्रीनमधले बुडबुडे दबतात आणि गरज असते तिथेच सूट पातळ पडतो.

९. तर्री पोहे, पण तर्री बेताची. तोंडात रेग्युलेटर असताना ढेकर नको.

१०.४०. फोन. हिंगण्याकडची जुनी दगडाची खदान. संक्रांत दोन दिवसांपूर्वी झाली; पतंगामागे धावता धावता एक पोट्टा काल संध्याकाळी काठावरून घसरला. लोकांनी रात्रभर गळ टाकून पाहिले. उन्हाळ्यात पाणी एक-दोन दिवसांत माणूस वर देतं. थंडीत कितीतरी उशीर लावतं, म्हणून आम्हाला खाली जावं लागतं.

११.३०. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. पाणबुड्यांच्या कोष्टकांत ३०० मीटरच्या वर ‘उंचावरचं पाणी’ धरतात, म्हणजे समुद्र बघायला मुंबईची गाडी पकडावी लागणाऱ्या या गावात आम्ही हिशेबाने पहाडातले पाणबुडे! दोर कमरेला. वर दोर धरणारा. आमच्यात एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे सापडलं.

पाणी अठरा अंशांच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. सात मीटरवर गाळ उठला आणि काचेसमोरचा स्वतःचा हात दिसेना. इथून पुढे डोळ्यांचं काम बोटं करतात. हातमोजा घातला तर दगड कुठला, कापड कुठलं कळत नाही. काढला तर दहा मिनिटांत बोटं मरतात. मी काढतो. गोलाकार चाचपत गेलो: टायर, बांबू, विसर्जनाच्या मूर्तीचा सांगाडा. मग मांजा. नायलॉनचाच. २०१७ ला हरित लवादाने देशभर बंदी घातलेला. तो बोटात रुतला तेव्हा दुखलंही नाही, इतकी ती बधिर होती. कात्रीने कापला, तर कात्री हातातून निसटली. दोन झटके, दोर सैल. थंडीत श्वास जास्त लागतो. काटा सत्तर बारवर आल्यावर वर आलो.

१२.२०. जोडीदार उतरला. मी गरम पाण्याच्या बादलीत हात घालून बसलो. पोट्ट्याचा बाप जवळ येऊन उभा राहिला.

“भाऊ, पाणी लई थंड हाय का?”

“नाही,” म्हणालो.

१.०५. तीन झटके.

३.३०. पंचनामा, सह्या. पेन धरता येईना. सही बँकेने नाकारावी अशी आली.

सायंकाळी ७. घरी संत्र्यांची टोपली. मुलगी म्हणाली, मी सोलून देते, तुझ्या हाताला काय झालं? एक फोड हातात घेतली. रस चिरेत गेला आणि बोट झोंबलं. सकाळपासून पहिल्यांदाच.