उपचारात चूक झाल्यास दाद कोठे मागावी?

हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक मला दबक्या आवाजात विचारतात. दवाखान्याची तोडफोड करून काहीच साधत नाही. प्रथम लेखी अर्ज देऊन केसपेपरच्या प्रती मागाव्यात. दाखल रुग्णाचे कागद ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे भरपाई मागता येते. किरकोळ प्रकरण दोघांच्या संमतीने मध्यस्थाकडे जाऊ शकते. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असल्यास मात्र आयोग ते मध्यस्थाकडे पाठवत नाही, सुनावणीच होते. तेथे निष्काळजीपणा तक्रारदाराला सिद्ध करावा लागतो. केवळ गुण आला नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्याने वाजवी काळजी घेतली होती का, हे पाहिले जाते.

आपसांत तडजोड जरूर करावी, पण लेखी. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. ‘बघू, पुढच्या महिन्यात बसू’ अशा बोलण्यांमुळे ती थांबत नाही. ती उलटली, तर आधी उशिराचे सबळ कारण द्यावे लागते. म्हणून बोलणी चालू असली तरी तारखेवर लक्ष ठेवावे.