गायनवृंदाच्या गिटारचे पॉलिश सुटू लागते तेव्हा

तंतुवाद्यांनी प्रभूची स्तुती करा, असे आवाहन दीडशेवे स्तोत्र आपणांस करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर उपासनेस साजेशी अन्य वाद्येही योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असे स्पष्ट केले. त्याआधी, १८१८ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येस ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायिले गेले, ते गिटारच्याच साथीने. ते वाद्य आजही हालाइन येथील संग्रहालयात जपलेले आहे. योग्य निगा राखली, तर लाकडी वाद्य किती पिढ्यांची सेवा करू शकते, याचे हे उदाहरण होय.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ही निगा अधिक अगत्याची ठरते. पश्चिमेकडे भीमाशंकर, नाणेघाट व माळशेजच्या परिसरात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस असतो. पूर्वेकडे मंचर, नारायणगावच्या पट्ट्यात पाऊस बराच कमी. उन्हाळा मात्र सर्वत्र कोरडा. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्यावरील पॉलिशचा कडक थर त्या प्रमाणात हलत नाही. मग दोहोंची पकड सुटते, पांढुरके डाग दिसतात व अखेर पापुद्रे निघू लागतात. हाताचा घाम आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील उष्णता यांमुळेही हे घडते.

अशा वेळी सगळे पॉलिश खरवडून वाद्य नव्यासारखे चकचकीत करण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. गिटारची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती घासली गेली तर कमकुवत होते. जाड रंग वा व्हार्निश चढविले तर तिचा कंप दबतो आणि आवाज मंदावतो. पॉलिश लाकडाच्या रक्षणासाठी आहे. म्हणून जेवढे सुटले आहे, तेवढेच दुरुस्त करावे.

प्रथम थराची ओळख पटवावी. सहज न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावावा. थर चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश होय. केवळ थिनरने विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोहोंनीही काही न झाल्यास पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर समजावे. आजच्या बहुतेक कारखानी गिटारींवर हाच शेवटचा प्रकार असतो व तोच मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो.

लाख या तिन्हींवर चांगली धरते, म्हणून लहान जागेच्या दुरुस्तीस ती सोयीची. झारखंड व छत्तीसगडमध्ये पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून ती मिळते. मेण काढलेली १२ ग्रॅम लाख १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून बारीक कापडातून गाळावी.

तारा सैल करून काढाव्यात. जे पापुद्रे आपोआप निघतात तेवढेच काढावेत. चिकटपट्टीने ओढू नयेत. उरलेली कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच उतरती करावी. उघड्या लाकडास पाणी लावू नये. कापसाची पुरचुंडी जुन्या सुती कापडात बांधून, ती लाखेत किंचित भिजवून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर एक-दोन तास थांबावे. पुरचुंडी एका जागी थांबवू नये, अन्यथा ती चिकटते. सहा-आठ हात पुरेत. पूर्ण वाळल्यावर बारीक पेपरने कड समपातळीवर आणावी. वाद्य दोन-तीन आठवडे विसावू द्यावे.

स्पिरिट व थिनर झटकन पेट घेतात. हे काम मेणबत्त्या व चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत, सावलीत करावे. घासताना नाकातोंडास मास्क बांधावा. फळीस तडा गेला असल्यास, ब्रिज उचलला गेला असल्यास किंवा वाद्य मौल्यवान असल्यास जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

पावसाळ्यात लाखेवर पांढरट धुके धरते. म्हणून पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये काम हाती घ्यावे, म्हणजे आगमन काळाच्या प्रारंभी वाद्य सिद्ध होईल. पुढे ते ओल्या भिंतीस टेकवू नये, खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसून पेटीत ठेवावे.

लहानशा समुदायात एक गिटार अनेकदा साऱ्या गायनवृंदाचा आधार असते. ती श्रद्धावंतांच्या देणगीतून आलेली असते. तिच्यावरचा जुना ओरखडा दिसत राहिला तरी चालेल. नाताळच्या रात्री तिचा स्वर मोकळा उमटावा, एवढीच आपली जबाबदारी आहे.