पुसायचे, काढायचे की उपटायचे?

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी, जपानी, फ्रेंच यांच्या जोडीला स्पॅनिशही शिकता येते. शिकणारा शब्दकोशात ‘काढून टाकणे’ पाहतो, पाच-सहा क्रियापदे समोर येतात आणि पहिले दिसेल ते उचलून तो मोकळा होतो. घोळ इथेच सुरू होतो.

गैरसमज : ‘बोर्रार’ कुठेही चालते.
बोर्रार म्हणजे पुसणे. फळ्यावरचे गणित, पेन्सिलीची रेघ, मोबाइलमधला फोटो, मनातली आठवण, सगळ्यांना हेच क्रियापद. त्याचे मूळ ‘बोर्रा’ म्हणजे जाडीभरडी लोकर. डस्टरला ‘बोर्रादोर’ म्हणतात आणि गंमत म्हणजे कच्च्या मसुद्यालाही. आपली अडचण ‘खोडणे’पाशी होते. खोडरबराने खोडले तर बोर्रार. पण पेनाने काट मारली आणि खालचे अक्षर दिसत राहिले, तर ते ‘ताचार’.

गैरसमज : ‘कितार’ आणि ‘साकार’ एकच.
मराठीत दोन्हींना ‘काढणे’ म्हणून भागते, म्हणून हा समज. वस्तू जिथे बसली आहे तिथून दूर करायची असेल तर कितार : शर्टावरचा डाग, टेबलावरची ताटे. आतून बाहेर आणायची तर साकार : दाढ, खिशातले पाकीट, बँकेतले पैसे. फोटोही साकारच, इथे आपण इंग्रजीच्या वाटेने न जाता ‘फोटो काढणे’वर भरवसा ठेवलेला बरा. पायातल्या चपलांना मात्र देश पाहावा लागतो. स्पेनमध्ये कितार, अर्जेंटिनात साकार.

गैरसमज : ‘रेमोबेर’ म्हणजे इंग्रजीतले रिमूव्ह.
पदावरून हटवण्यासाठी हे चालते, लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी इतर अर्थानेही. पण कॉफी ‘रेमोबेर’ करा म्हटले तर स्पेनमधला माणूस कप उचलणार नाही, चमच्याने ढवळेल.

‘एलिमिनार’ संगणकाच्या मेनूत आणि स्पर्धेतून बाद होण्यात भेटते. ‘सुप्रिमिर’ कायद्याच्या भाषेत आणि ‘सुप्र’ लिहिलेल्या कळीवर. दोन्ही समजली तरी पुरे.

खरी मजा वर्धा-हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यातली कामे स्पॅनिशमध्ये सांगताना येते. कापसातून सरकी वेगळी करण्याला त्या भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे, ‘देस्मोतार’. त्यावरून जिनिंगचे यंत्र ते ‘देस्मोतादोरा’. निंदण करणे म्हणजे ‘एस्कार्दार’. कितार वापरले तरी ऐकणाऱ्याला कळेल, पण बोलणारा शेतातला वाटणार नाही. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटायची तर ‘आर्रांकार’, आणि ती वाहून न्यायला ट्रॅक्टर सुरू करायचा तरीही आर्रांकारच.