संस्कृतमधील दर्शक सर्वनामे

'तद्', 'एतद्', 'इदम्' आणि 'अदस्' ही संस्कृत भाषेतील चार प्रमुख दर्शक सर्वनामे होत. निर्देशिलेली व्यक्ती वा वस्तू वक्त्यापासून किती अंतरावर आहे, हे त्यांवरून सूचित होते. मराठीत 'हा' आणि 'तो' असे दोनच भेद आहेत. त्यामुळे 'अयम्' व 'एषः' या दोहोंचे भाषांतर 'हा', तर 'असौ' व 'सः' या दोहोंचे 'तो' असे केले जाते आणि मूळ अर्थच्छटा लोप पावते.

अर्थभेद

परंपरेनुसार 'इदम्' जवळच्या, 'एतद्' अगदी निकटच्या, 'अदस्' दूरच्या आणि 'तद्' परोक्ष, म्हणजे दृष्टीआडच्या वस्तूसाठी योजतात. क्षितिजावर दिसणारा डोंगर दाखवताना 'असौ पर्वतः' म्हणता येते. पूर्वी उल्लेखिलेला, समोर नसलेला डोंगर 'सः पर्वतः' होय. वाङ्मयात हे भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळलेले नाहीत; विशेषतः 'इदम्' आणि 'एतद्' परस्परांच्या जागी आढळतात.

रूपे

प्रथमा एकवचनाची रूपे (पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग):

- तद् : सः, सा, तत्
- एतद् : एषः, एषा, एतत्
- इदम् : अयम्, इयम्, इदम्
- अदस् : असौ, असौ, अदः

ही सर्वनामे नामांप्रमाणे लिंग, वचन व विभक्तीनुसार चालतात. मात्र त्यांना संबोधन नसते. काही प्रत्ययही वेगळे आहेत. 'बालाय', 'बालात्', 'बाले' यांच्या जोडीला 'तस्मै', 'तस्मात्', 'तस्मिन्' अशी रूपे येतात. 'इदम्'ची रूपे एकाच अंगापासून होत नाहीत : अयम्, इमम्, अनेन, अस्य. 'अदस्'च्या बहुतेक रूपांत 'अमु' किंवा 'अमी' दिसते : अमुना, अमुष्य, अमीषाम्. 'असौ' पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे सोबतच्या नामावरून ठरते : असौ बालः, असौ बाला.

संधी

'सः' आणि 'एषः' यांच्यापुढे व्यंजन आल्यास विसर्गाचा लोप होतो. म्हणून 'स गच्छति' हे शुद्ध, तर 'सो गच्छति' हे अशुद्ध होय. पुढे 'अ' आल्यास 'सोऽपि' असे रूप होते. 'अमी' आणि 'अमू' यांच्या अंत्य स्वराचा पुढील स्वराशी संधी होत नाही : अमी अश्वाः.

अन्वादेश

एकदा निर्देशिलेल्याच व्यक्तीचा वा वस्तूचा दुसऱ्या कार्यासाठी पुन्हा निर्देश करणे, यास अन्वादेश म्हणतात. अशा वेळी 'इदम्' व 'एतद्' यांच्या जागी द्वितीयेत, तृतीया एकवचनात आणि षष्ठी-सप्तमी द्विवचनात 'एन' येते. उदा. 'इमं बालं स्नापय, अथ एनं भोजय' (या मुलाला आंघोळ घाल, मग त्याला जेवू घाल).

इतर उपयोग

'यद्' या संबंधी सर्वनामाला 'तद्' पूरक ठरते : 'यः पठति सः जानाति' (जो शिकतो तो जाणतो). 'तत्र', 'ततः', 'तदा' ही अव्यये 'तद्'पासून, 'इह' व 'इदानीम्' ही 'इदम्'पासून, तर 'अमुत्र' हे 'अदस्'पासून बनते. 'इह' म्हणजे या लोकी आणि 'अमुत्र' म्हणजे परलोकी, या विरोधात 'अदस्'मधील दूरत्वाचा अर्थ स्पष्ट दिसतो. मराठीतील 'अमुक' हा संस्कृतातून आलेला शब्दही 'अदस्'शीच संबंधित आहे.