रामनगरची रामलीला : नाट्य की दर्शन?

महाराष्ट्रात गणरायाला निरोप दिला जातो त्या अनंत चतुर्दशीला काशीजवळ, गंगेच्या पैलतीरी रामनगरची रामलीला सुरू होते आणि सुमारे महिनाभर चालते. काशीनरेशांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात आकाराला आलेल्या या लीलेला एक असा रंगमंच नाहीच. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे परिसरात विखुरलेली असून, कथा सरकते तसा जनसमुदायही पायी पुढे जातो. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली व पेट्रोमॅक्सच्या उजेडात 'रामायणी' मंडळी तुलसीदासांचे 'रामचरितमानस' गातात, मग पात्रे संवाद म्हणतात. अनेक प्रेक्षकांच्या हाती पोथी असते.

राम-सीतेच्या भूमिका करणारी कोवळी मुले 'स्वरूप' मानली जातात. त्यांचे संथ, एकसुरी संवाद नाट्यसमीक्षकाला कदाचित सपाट वाटतील. पण अभिनयाचे कसब दाखवणे हा येथे हेतूच नव्हे. अखेरीस आरती होते, तेव्हा मुले निश्चल राहतात आणि समुदाय दर्शन घेतो.

'युनेस्को'ने २००८ मध्ये रामलीलेच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. जतनाचा खरा प्रश्न मात्र साधा आहे. ध्वनिक्षेपक आणल्यास शब्द दूरवर पोहोचतील. ते ऐकण्यासाठी हजारो माणसे आज जी शांतता पाळतात, तिची गरज उरणार नाही.