टोकियोला पहिल्यांदा जाताय? आधी जेवणाचं आणि नमाजचं ठरवा, मग शहर बघा

मुलगा किंवा जावई टोकियोत नोकरीला. तिकिटं पाठवतो म्हणतो, आणि इकडे वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत अम्मी-अब्बा वर्षभर "बघू" म्हणत राहतात. खोदून विचारलं की दोनच गोष्टी निघतात. तिथे खायचं काय आणि नमाज कुठे पढायची? थंडी, भाषा, भूकंप हे सगळं त्याच्यानंतर.

ही काळजी उगाच नाही. जपानमध्ये मुसलमान फार थोडे आहेत, आणि रस्त्यावरच्या साध्या हॉटेलात काय शिजलंय ते बाहेरून कळत नाही. पण तयारी करून गेलं तर टोकियोत आठ-दहा दिवस हलाल खाऊन, पाचही नमाजा पढून आरामात निघतात. तयारी न करता गेलं तर पहिले चार दिवस केळी आणि बिस्किटांवर काढावे लागतात, आणि मग "जपान काही आपल्यासाठी नाही" असं ठरवून माणूस परत येतो.

तसं वर्ध्याला जपान परकं नाही. गीताई मंदिराजवळचा पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्यामागे आहेत जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी, म्हणजे आपल्याकडचे फुजी गुरुजी. ते १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्यात आले होते. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह टोकियोच्या विद्यापीठात हिंदुस्तानी भाषा शिकवायला गेले होते. त्या काळात त्यांनी खाण्यापिण्याचं कसं निभावलं असेल कोण जाणे! आजच्या प्रवाशाचं काम त्यामानाने पुष्कळ सोपं आहे.

बॅगेत काय नको

व्हिसाचं आधी सांगतो. भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा मिळतो. तो एका प्रवेशाचा आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. एक गोष्ट मात्र घरच्या तरुणाने नीट समजावून द्यावी. हा व्हिसा विमानतळावर मोबाईलवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा कागदावरची प्रत चालत नाही. म्हणजे फोन चार्ज केलेला हवा आणि नेट हवं. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, आणि तिथून टोकियो असा प्रवास होतो. तिकीट काढतानाच "मुस्लिम मील" नोंदवा. विमानात बसल्यावर मागितलं तर ते मिळत नाही.

आता बॅग. इथेच आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलाला आवडतात म्हणून शामी कबाब, खिम्याचे समोसे, सुकवलेलं मटण डब्यात भरलं जातं. हे अजिबात नेऊ नका. सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र नसेल तर जपान कुठलंही मांस आत येऊ देत नाही. मग ते शिजवलेलं असो, सुकवलेलं असो, नाहीतर सीलबंद पाकिटातलं असो. कायद्यात यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड आहे. विमानतळावर वास घेणारे कुत्रे फिरत असतात, त्यामुळे "एवढंसं कोण बघतंय" हा हिशेब चालत नाही. ताज्या फळांचंही तसंच. कारंजा-आर्वीकडची संत्री कितीही गोड असली तरी ती घरीच राहू द्या. चिवडा, शेव, शंकरपाळे न्या, तेवढं पुष्कळ झालं.

औषधांकडेही बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारण महिनाभर पुरतील इतकी नेता येतात. चिठ्ठी सोबत ठेवा. पण आपल्याकडच्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि तिकडे या दोन्हींवर कडक नियम आहेत. आपल्या डॉक्टरांकडून किंवा मेडिकलवाल्याकडून एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

"व्हेज आहे ना?" हा प्रश्न तिथे कामाचा नाही

प्रवासात हलाल मिळालं नाही की आपण सरळ व्हेज मागवतो. भारतात ही सवय कामी येते. जपानमध्ये तीच अडचणीत आणते, आणि आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं.

भाज्यांच्या पदार्थातही तिथे मिरिन पडतं. मिरिन म्हणजे तांदळापासून केलेली गोडसर मद्याची चव. भाजीला, माशाला, सॉसला चकाकी आणि गोडवा आणायला ती वापरतात. साके ही तांदळाची दारूही स्वयंपाकात सर्रास असते. सोया सॉसच्या काही बाटल्यांत टिकण्यासाठी अल्कोहोल घातलेलं असतं. रामेन म्हणजे शेवयांचं गरम सूप. त्याचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या हाडांचा नाहीतर चरबीचा असतो, वर नुसत्या भाज्या दिसत असल्या तरी. पुडिंग, जेली, मऊ मिठाई यांत जिलेटिन असू शकतं. आणि वाग्यु बीफचं नाव कितीही मोठं असो, ते जपानी गाईचं मांस आहे एवढाच त्याचा अर्थ. हलाल आहे असा नाही.

मग खायचं काय? पुष्कळ काही. पण हलाल असं स्पष्ट लिहिलेल्या जागीच. शिन-ओकुबो स्टेशनजवळ एक गल्लीच अशी आहे जिला लोक "इस्लाम गल्ली" म्हणतात. बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी आणि आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत. हलाल चिकन-मटण, बासमती, मसूर, गरम मसाला, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. मुलाच्या घरी चूल असेल तर पहिल्याच दिवशी इथे जाऊन आठवड्याचं सामान भरा. अम्मीला स्वतःच्या हातची खिचडी मिळाली की निम्मी काळजी तिथेच मिटते! आसाकुसा भागात हलाल रामेन देणारी हॉटेलं आहेत. जपानला जाऊन फक्त बिर्याणी खाऊन यायचं नसेल तर तिथे जरूर जा.

माशांचं थोडं वेगळं आहे. समुद्राचं शहर असल्याने मासळी ताजी असते. आपल्याकडे हनफी मसलकात मासा चालतो, पण खेकडा, शिंपले, ऑक्टोपस चालत नाहीत. कोकणातल्या शाफई भावांना यात जास्त मोकळीक आहे. मासा हलाल असला तरी त्यावर ओतलेल्या सॉसचं विचारावंच लागतं. दोन शब्द पाठ करा. "बुता" म्हणजे डुक्कर, "साके" म्हणजे दारू. पाकिटांवरचं जपानी वाचायला मोबाईलमधलं कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अॅप चांगलं चालतं. कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत उकडलेली अंडी, फळं, दूध, साधा भात मिळतो. अडीअडचणीला तेवढं पुरतं.

नमाज

किब्ल्याची दिशा अंदाजाने धरू नका. वर्ध्यातून किब्ला जवळपास पश्चिमेलाच आहे, उत्तरेकडे जेमतेम ८ अंश. टोकियोतून तो पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण २३ अंश सरकतो. वेळाही बदलतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि ऋतूंचा फरक मोठा आहे. जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आधीच उगवतो, म्हणजे फजर रात्रीच पढायची. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला मगरिब होते, त्यामुळे दुपारनंतर जुहर, असर, मगरिब एकापाठोपाठ येतात. फिरण्याचा बेत त्या हिशेबाने आखा. १५ दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर हनफी मसलकात कसर आहे. आपल्या इमामसाहेबांशी निघण्याआधी बोलून घ्या.

विमानतळांवर नमाजच्या खोल्या आहेत. शिंजुकूच्या ताकाशिमाया या मोठ्या दुकानातही आहे. अडचण वुजूची येते. सार्वजनिक बेसिनमध्ये पाय धुणं, पाणी सांडणं तिथल्या लोकांना खटकतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. हॉटेलातून किंवा घरून वुजू करून निघा. सोबत छोटा रुमाल ठेवा आणि ओलं झालेलं बेसिन पुसून या. एक दिलासा आहे. तिथल्या बहुतेक टॉयलेटमध्ये पाण्याचा फवारा असतो, त्यामुळे युरोपात जाऊन आलेले लोक जी तक्रार करतात ती इथे उरत नाही.

मस्जिदींमध्ये टोकियो जामी बघितल्याशिवाय येऊ नका. रशियातून निर्वासित होऊन आलेल्या कझानच्या तातार मुसलमानांनी ती १९३८ मध्ये उभी केली. इमारत जुनी होऊन १९८६ मध्ये पाडावी लागली, आणि २००० साली तुर्कस्तानच्या मदतीने उस्मानी पद्धतीची आजची मस्जिद तयार झाली. घुमट, रंगीत काचा, खाली हलाल दुकान. वर बायकांसाठी वेगळी जागा आहे. आपल्याकडे कित्येक मस्जिदींत बायकांना जागाच नसते, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मस्जिदीत नमाज पढण्याचा मौका अम्मीला टोकियोत मिळू शकतो. आम्हाला तर या सगळ्या सफरीतली हीच सर्वात मोठी गोष्ट वाटते.

ओत्सुकाची मस्जिद दिसायला साधी, चार मजली इमारत. पण २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर इथल्या लोकांनी शेजारच्या जपानी लोकांना सोबत घेऊन भाताचे गोळे बनवले आणि पीडितांकडे पाठवले. मोहल्ल्यात तिची इज्जत आहे ती त्यामुळे.

आणि शहर

टोकियोच्या रेल्वेचा नकाशा बघून चक्कर येते. सगळा समजून घ्यायची गरज नाही. यामानोते नावाची हिरव्या रंगाची गोल लाइन आहे, ३० स्टेशनं, तासाभरात पूर्ण फेरी. शिन-ओकुबोचं हलाल बाजारपेठेचं स्टेशन, ओत्सुका, मस्जिद असलेलं ओकाचिमाची, उएनोची बाग, शिबुयाचा प्रसिद्ध चौक, हाराजुकू, सगळं तिच्यावरच. हाराजुकूला उतरून मेइजी देवस्थानाचं दाट जंगल बघा, मग शेजारच्या मेइजी-जिंगुमाए स्टेशनवरून चियोदा लाइनने दुसऱ्या स्टेशनला उतरा. ते योयोगी-उएहारा. तिथून टोकियो जामी पायी. सुइका किंवा पास्मो कार्डात पैसे भरले की तिकिटाची भानगड राहत नाही. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते, ती चुकवू नका. टॅक्सी फार महाग पडते.

उंचावरून शहर बघायला ६३४ मीटरच्या स्कायट्रीचं तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. शिंजुकूत टोकियो सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, फुकट जाता येतं. हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो.

मराठी कानावर पडावी असं वाटलं तर निशि-कासाईला जा. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्याच एडोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते.

ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवा. आपल्या विदर्भातल्या मोकळ्या आवाजाला तिथे लगाम घालावा लागतो. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच. १९९५ च्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर ते मोठ्या प्रमाणावर काढले गेले. म्हणून एक पिशवी खिशात ठेवा आणि कचरा घरी न्या.

एखादा दिवस मोकळा असेल तर आसाकुसाहून रेल्वेने दोन तासांवर निक्को आहे. तिथल्या तोशोगू देवस्थानात लाकडात कोरलेली तीन माकडं आहेत, डोळे, कान आणि तोंड झाकलेली. सेवाग्रामला गेलेल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही.