ग्रीन कार्डचं स्थळ आणि दोन वर्षांची अट

कुपवाड-सांगली भागात परदेशातलं स्थळ आता नवलाईचं राहिलेलं नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेला गेलेली मुलं लग्नापुरती गावी येतात, सुट्टी संपायच्या आत सोहळा उरकतो आणि मुलीकडचे निर्धास्त होतात. जावई तिकडे आहे, म्हणजे हिचंही ग्रीन कार्ड होणारच! गैरसमजाची सुरुवात इथूनच होते.

लग्नानं ग्रीन कार्ड आपोआप मिळत नाही. नवरा तिथं कोणत्या कागदावर राहतो, यावर सगळं ठरतं. तो अमेरिकन नागरिक असेल तर बायकोसाठी वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. स्वतः ग्रीन कार्डधारक असेल तर कोटा आहे आणि रांगही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोला मिळतो एच-४, नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेला व्हिसा. एच-४वर नोकरीची मुभा २०१५ पासून आहे, पण नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. बघण्याच्या कार्यक्रमात पगार, घर, गाडी सगळं विचारलं जातं. तो कोणत्या कागदावर राहतो, हा प्रश्नही तिथंच विचारायला हवा.

कार्ड एकदा हातात पडलं की कायमचं, हाही असाच एक समज. लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी मिळालेलं कार्ड दोनच वर्षांचं असतं. खोट्या लग्नांना आळा घालायला १९८६ साली झालेल्या कायद्यातली ही अट. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ही अट काढून घेण्यासाठी नवरा-बायकोनं मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचा जाडजूड अल्बम लग्न लागल्याचं सांगतो, पुढचा संसार त्यात दिसत नाही. त्यासाठी दोघांच्या नावावरचं बँक खातं, घराचा भाडेकरार, एकत्र भरलेला कर, विम्याची पॉलिसी असे कागद लागतात.

सर्वांत घातक गैरसमज याच अर्जाभोवती आहे. ‘मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल,’ अशी धमकी दिली जाते, आणि इकडे माहेरही ‘दोन वर्षं कळ काढ’ म्हणतं. मुळात नवऱ्याच्या सहीची अट माफ होऊ शकते, तशी तरतूद कायद्यातच आहे. लग्न प्रामाणिकपणे केलं होतं, पण घटस्फोट झाला किंवा नवऱ्यानं मारहाण वा अतोनात छळ केला, तर बायको एकटीच्या सहीनं अर्ज करू शकते. छळाच्या कारणासाठी घटस्फोट होईपर्यंत थांबावं लागत नाही. ९० दिवसांची चौकटही अशा अर्जाला नाही. शिवाय, छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीच्याच आधारावर अधिकाऱ्यांना तिच्याविरुद्ध निर्णय घेता येत नाही. वैद्यकीय नोंदी, पोलिसांतली तक्रार, मैत्रिणीला पाठवलेले मेसेज, हे सगळं जपून ठेवावं आणि त्याची एक प्रत माहेरीही असावी. कॅनडानं २०१२ मध्ये अशीच दोन वर्षांची अट आणली होती. छळ सोसणाऱ्या स्त्रिया तिच्यामुळे नको त्या घरात अडकून पडतात, हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये ती काढून टाकली.

ग्रीन कार्ड टिकवायला सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत पाय टेकवला की झालं, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. मुक्काम खरोखर तिकडे आहे का, हे तपासलं जातं. बाळंतपणाला येऊन वर्षाहून जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वी तिथूनच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. नागरिक नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बायकोला पाचऐवजी तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. त्यातले निदान १८ महिने प्रत्यक्ष तिथं राहिलेली असली पाहिजे.

उलट दिशेनं, परदेशी सून सांगलीत आली तरी ती लगेच भारतीय होत नाही. नागरिकत्व कायद्यानुसार अर्जापूर्वी सात वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यातले शेवटचे बारा महिने सलग हवेत, आणि सरकार विशेष कारणासाठी सूट देतं तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. सोनिया गांधींचं लग्न १९६८ मधलं, नागरिकत्व १९८३ मधलं. परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या ओसीआय कार्डासाठी नोंदणीकृत विवाह किमान दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं हे कार्ड रद्द होऊ शकतं. त्याआधी तिला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, पण छळ झालेल्या सुनेसाठी वेगळा अपवाद कार्ड रद्द करण्याच्या कलमात लिहिलेला नाही.